उतारावर मागं बघायचं न्हाई

मन्मथअप्पा कुणालाही नावाने हाक मारत नसत, पत्त्याने मारत. तीस-बत्तीस वर्षं टपाल वाटल्यावर डोक्यात माणसं राहत नाहीत, घरं राहतात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या परभणीतल्या एका बड्या वकीलसाहेबांना ते भर बाजारात ‘काय हो, मारुतीमागचे!’ म्हणून हाक मारायचे. एका कापडदुकानदाराला ‘जिना मागून’ म्हणायचे. स्वतःच्या सुनेला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारायचे, आणि ती रागावली की गावापुढे तालुका आणि जिल्हाही जोडायचे. मला ते ‘लिंबाखालचे’ म्हणत.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. मी लिंबाखाली होतो हे खरं आहे. बस स्टँडसमोर एक कडुलिंब होता आणि त्याच्याखाली एक पोतं, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि मी. पाठीशी बाप नाही, भांडवल नाही. पंक्चर काढता काढता एक मोडकी सायकल घेतली, नीट केली, भाड्याने दिली. तिच्या जिवावर दुसरी घेतली. पुढे ती जागाच घेतली, लिंब तोडला, पक्कं दुकान बांधलं, शटर लावलं आणि पाटी रंगवून घेतली. पाटीवर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. भाड्याच्या चाळीस सायकली होत्या माझ्याकडे. घासाघिशीत मला हरवलेला माणूस आख्ख्या परभणीत नव्हता. एका ट्रकवाल्याशी सकाळी सुरू केलेला सौदा मी दिवस मावळताना मिटवला होता, आणि मधे आम्ही दोघं एकमेकांच्या डब्यातलं जेवलो होतो. अशा माणसाला सगळ्या गावादेखत ‘लिंबाखालचे’!

“अप्पा, लिंब तोडून सहा वर्षं झाली,” मी एकदा भडकून म्हणालो.

“झाड गेलं,” अप्पा म्हणाले. “पत्ता कुटं जातोय?”

अप्पा लिंगायत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात नोकरीतला जुना खाकी शर्ट, आणि पँटीच्या उजव्या पायाला लोखंडी चिमटा. सायकलवर नसले तरी चिमटा असायचाच. लग्नाच्या पंगतीतही मी तो पाहिलेला आहे.

गंगाखेडच्या दक्षिणेला जमीन उठते आणि बालाघाटाचे डोंगर सुरू होतात. त्या डोंगरावरच्या वाड्यांची आणि तांड्यांची टपालाची फेरी अप्पांकडे होती. जाताना सायकल ढकलत न्यायची, येताना सायकलवर बसून यायचं. निवृत्त झाल्यावर ते परभणीत मुलाकडे राहायला आले आणि इथल्या सपाटीला वैतागले. “इथं सायकल चालवायची मंजी दळण दळायचं,” म्हणायचे. “पाय फिरायलेत, पीठ कायबी न्हाई.” मग दरवर्षी दिवाळी झाली की ते एका रविवारी डोंगरावर जायचे आणि सायकलवरून खाली उतरायचे. आधी एकटे जात. मग कुणी कुणी सोबत येऊ लागलं. मग सीताफळं आणायला वर जाणारा रिकामा ट्रक ठरला: सायकली आणि माणसं ट्रकात घालून वर न्यायची, वरून सगळ्यांनी सायकलवर गंगाखेडपर्यंत उतरायचं, गोदावरीत हातपाय धुवायचे आणि फळं भरून आलेल्या ट्रकात बसून, पोखर्णीच्या नृसिंहाला नमस्कार करून, अंधार पडायच्या आत घरी. चढायचं कुठेच नाही.

“चढ सरकारचा, उतार आपला,” असं अप्पा म्हणत. कुणी विचारलं तर समजावून सांगत. “चढताना पिशवी भरलेली. पगार त्याचा. उतरताना पिशवी रिकामी. त्या घंट्याभराचा पगार सरकार देत न्हाई, मंजी त्यो घंटा आपला.”

सहलीचं आमंत्रण पोस्टकार्डाने यायचं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्यालाही पोस्टकार्ड. तोंडी सांगितलेलं त्यांना सांगितल्यासारखंच वाटत नसे.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता, आणि आग विझल्यावरही बऱ्याच गावांत माणसं एकमेकांच्या आळीत जाईनाशी झाली होती. अप्पांच्या ट्रकात मात्र दोन्हीकडची माणसं बसत आणि डोंगर चढेपर्यंत कडाकडा भांडत. वकीलसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांना नाव बदलायला नको होतं. अप्पा कुणाला अडवत नसत. “चढावर भांडून घ्या,” म्हणायचे. “उतारावर तोंड उघडलं की हवा जाते आत.”

माझा त्यांचा सहलीचा व्यवहार सुरू झाला तो असा. एके दिवशी ते दुकानात आले आणि रविवारसाठी अकरा सायकली हव्यात म्हणाले. मी नेहमीप्रमाणे दुप्पट भाडं सांगितलं. पुढचा सगळा रस्ता ठरलेला असतो: समोरचा निम्म्यावर येतो, मी कपाळाला हात लावतो, तो उठून चालू लागतो, मी त्याला पायरीवर गाठतो. अप्पा म्हणाले, “ठीक हाय.”

माझा हात कपाळाच्या वाटेवर अर्धवट राहिला. दुप्पट भाडं मिळूनही इतकं लुटल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

मग अप्पांनी एका सायकलीच्या मागच्या रिमवरून अंगठा फिरवला आणि मला दाखवला. अंगठ्याला तांबडा गंज.

“मागचं ब्रेक कुटंय?”

“परभणीत लागत नाही,” मी म्हणालो. खरं म्हणजे मागच्या ब्रेकची रबरं मीच काढून ठेवत असे. पोरं ब्रेक मारून सायकल घसरवतात आणि टायरची वाट लावतात. “पुढचा आहे ना.”

“परभणी सपाट हाय. डोंगर न्हाई.”

“पुढच्यावर आरामात उतरतं.”

“तुमी उतरलाव?”

दुकानात दहा माणसं उभी होती. माझं डोकं फिरलं की जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. “काय तुमच्या डोंगराचं कौतुक लावलंय!” मी गरजलो. “माझी सायकल आहे. मी स्वतः येतो. मागच्या ब्रेकशिवाय, सगळ्यांच्या पुढे उतरून दाखवतो!”

अप्पा म्हणाले, “ठीक हाय.” आणि निघून गेले.

आता एक गोष्ट सांगतो, जी माझ्या समजुतीप्रमाणे त्या वेळी माझ्याशिवाय फक्त माझ्या बायकोला माहीत होती. मला सायकल चालवता येत नव्हती.

हसू नका. लहानपणी ज्यांच्या दुकानात मी काम शिकलो, ते उस्ताद सायकल उघडू द्यायचे, पुसू द्यायचे, पण तिच्यावर बसलेला दिसलो की पान्याने हाणायचे. लिंबाखाली आलो तेव्हा मी मिसरूड फुटलेला बाप्या होतो, आणि त्या वयात भर रस्त्यात पडून शिकायची लाज वाटली. दुकान झाल्यावर तर प्रश्नच मिटला. चाळीस सायकलींचा मालक बस स्टँडसमोर कसा पडणार? मी सायकल हातात धरून चालायचो, मधूनच चाकाला कान लावायचो, आणि लोकांना वाटायचं, शेठ मोठे बारकाईने परीक्षा करतात. हे बाहेर फुटलं असतं तर स्टेशनसमोरच्या माझ्या स्पर्धकाने ते ताशा लावून गावभर फिरवलं असतं. माझ्याजवळ घराणं नव्हतं, शिक्षण नव्हतं. नाव तेवढं होतं, आणि ते एका रविवारात जाणार होतं.

हातात पाच दिवस होते. परभणीत शिकणं शक्य नव्हतं, म्हणून मी पॅसेंजरमध्ये सायकल टाकून पिंगळीला गेलो. तिथे मला कोण ओळखतंय? स्टेशनच्या मागे एक मोकळं रान गाठलं, इकडेतिकडे बघितलं आणि टांग टाकली. तिसऱ्यांदा पडलो तेव्हा हरभऱ्यातून एक म्हातारा उठून उभा राहिला. “आवो सायकलवाले शेट! तुमी हितं कसं काय?” माझ्या सायकली भाड्याने नेलेली माणसं जिल्हाभर पसरली आहेत, हे मी विसरलो होतो. “टायरची मजबुती तपासायलोय,” मी पडल्या पडल्या सांगितलं आणि पुढच्या गाडीने परत आलो.

बायको म्हणाली, “जाऊन अप्पांना सरळ सांगा ना.” मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

एवढं मात्र केलं. बाकीच्या अकरा सायकलींना मागचे ब्रेक नवे बसवले. कुणाचं काही झालं तर नाव माझंच जाणार होतं. स्वतःच्या सायकलीला नाही बसवला. चारचौघांत शब्द दिला होता.

रविवारी ट्रक आम्हाला वर सोडून सीताफळांकडे गेला. माथ्यावर उभं राहून मी खाली बघितलं. रस्ता तीन वळणं घेऊन एका पुलाकडे उतरत होता आणि पुलापलीकडे झाडांत एक गाव होतं. दोन्ही बाजूंना तुरी फुलावर आलेल्या, कापूस फुटलेला. बाकीचे म्हणाले, वा, काय देखावा! मला फक्त उतार दिसत होता.

“तुमी समद्यांच्या पुढं मनला होता,” अप्पा मला म्हणाले. मग ते सगळ्यांकडे वळले. “पर दुकानदार मागं पायजे. कुणाचं काय मोडलं तर? ते येतील शेवटी.” मी मोठ्या मनाने मान हलवली.

मग अप्पांनी त्यांचा नियम सांगितला. “उतारावर मागं बघायचं न्हाई. कायबी झालं, कुणी बोंबललं, तरीबी न्हाई. मान वळली की हॅण्डल वळतंय.” एकेकाला त्यांनी सोडलं. सगळे पहिल्या वळणाआड गेले. वर राहिलो आम्ही दोघं.

“आता सांगा, लिंबाखालचे,” अप्पा म्हणाले. “येत न्हाई ना?”

“कोण म्हणतं?” मी ओरडलो. डोंगरात माझा आवाज फिरून परत आला.

“तुमचा पायजमा.”

मी खाली बघितलं. पायजमा पांढराशुभ्र होता.

“लिंबाखाली माझ्या लाल सायकलीचं पंक्चर काढलाव, तवापासून बघायलोय. हात कोपरापर्यंत काळे, आन् पायजमा बगळ्यावानी. सायकल चालवणाऱ्याच्या उजव्या पायाला चेनचं काळं लागल्याबिगर राहत न्हाई. म्या मनलं, ह्यो मानूस सायकलीवर कदी बसलाच न्हाई.”

मी विचारलं, “कुणाला सांगितलंत?”

“म्या टपालवाला हाय,” अप्पा म्हणाले. “कुणाचं पाकीट फोडत न्हाई.”

मला धीर आला, आणि धीर आला की मी सौद्यावर येतो. “अप्पा, मी पायी उतरतो. चेन तुटली म्हणून सांगा.”

“चेन धड हाय.”

“तोडतो.”

“कामून तोडता? नुसतं बसा. पायडल मारायचं न्हाई. उतारावर ती सोता चालती, आपून पार्सलावानी बसायचं. पुलापर्यंत.”

“पूल? त्या दगडापर्यंत.”

“दगड तर हितंच हाय, तुमच्या पायाजवळ. दुसऱ्या वळणापर्यंत.”

“पहिल्या वळणाच्या अलीकडे ती बाभूळ आहे, तिथपर्यंत. एक बोट पुढे नाही. शेवटचं सांगतो.”

अप्पांनी उसासा सोडला, आभाळाकडे बघितलं, डोकं खाजवलं. “लय चिवट मानूस,” म्हणाले. “बरं, बाभूळ.”

मी जिंकलो होतो! दुकानात ‘ठीक हाय’ म्हणून माझा हात हवेत ठेवणाऱ्या माणसाला मी एवढ्या पुलावरून एवढ्याशा बाभळीवर आणलं होतं. त्या आनंदात मी सायकलवर बसलोसुद्धा.

“हात हलके ठेवा, पत्र धरल्यावानी,” अप्पा कानाशी म्हणाले. “चुरगळायचं न्हाई.” आणि त्यांनी कॅरिअरवरचा हात काढला.

बाभूळ आली आणि गेली.

“अप्पा! सौदा बाभळीपर्यंतचा होता!” मी किंचाळलो.

“बाभळीला सांगा!” मागून आवाज आला.

पुढचा ब्रेक होता, पण उतारावर एकटा पुढचा ब्रेक दाबला की माणूस हॅण्डलवरून कसा जातो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तसे वाकलेले फोर्क सरळ करकरूनच मी दुकानाला शटर लावलं होतं. मी ब्रेकला हात लावला नाही. डोळे मिटावेसे वाटत होते, पण कान मिटेनात. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी सायकल वरून ऐकत होतो. मागच्या चाकातले दोन छर्रे गेलेले. मडगार्डचा नट ढिला. चेनकव्हर घासतंय. हे भंगार मी लोकांना दुप्पट भाड्याने देतो, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो दुसऱ्या वळणावर आला, म्हणजे किती अवघड जागी आला ते बघा.

दुसऱ्या वळणानंतर सरळ उतार लागला. तिथे माझ्या लक्षात आलं, की मी ओरडत नाही. वारा सदऱ्यात शिरून पाठीवर फुगा झाला होता, तुरीचा पिवळा रंग दोन्ही बाजूंनी मागे पळत होता, आणि मी पडलेलो नव्हतो. इतक्या वर्षांत हजारो माणसांना मी सायकल हातात दिली, ती घेऊन ती माणसं एवढी खुशीत का जातात, ते मला तिथे कळलं. फार वेळ नाही. पुलापर्यंत.

पुलापलीकडे गावाच्या तोंडाशी कापसाने भरलेली एक बैलगाडी रस्त्याकडे पाठ करून उभी होती. मी तिच्यात कमरेपर्यंत गेलो.

“आरं, कोन हाय त्यो कापसात?” गाडीवाला ओरडला.

“टपाल हाय!” मागून अप्पा म्हणाले आणि माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. एक ओरखडा नाही. “आलं का न्हाई मग?” एवढंच त्यांनी विचारलं. मी सौदा मोडल्याबद्दल भांडायला तोंड उघडलं, पण तोंडात कापूस होता.

गावात पिंपळाच्या पारावर बाकीची मंडळी बसली होती. आश्चर्य म्हणजे अकराही जण रस्त्याकडे पाठ करून. चिवडा खात होते. मी मनात म्हटलं, काय खादाड माणसं आहेत, एवढा आरडाओरडा झाला आणि एकाने वळून बघितलं नाही, देवाची कृपा! माझ्या मिशीत, कानांत, डोक्यावर कापूस होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. वकीलसाहेबांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “आज गारठा आहे जरा.” बाकीचे चिवडा खात राहिले.

त्या गावात पहिला चहा बौद्धवाड्यात गयाबाईंकडे असे. त्यांच्या मुंबईतल्या मुलाची पत्रं अप्पांनी वर्षानुवर्षं त्यांना वाचून दाखवली होती. सगळे निघाले, तर वकीलसाहेबांची सायकल नेमकी पंक्चर झाली. मी चाक उघडलं, ट्यूब पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही. मी वकीलसाहेबांकडे बघितलं, त्यांनी पिंपळाकडे बघितलं. मी कारागीर माणूस, खोटं पंक्चर मला सहन होत नाही. पण मिशीत कापूस असलेल्या माणसाने दुसऱ्याचं काय उघडं पाडायचं? मी धड ट्यूबला ठिगळ लावत बसलो. थोड्या वेळाने अप्पा परत आले. एका हातात कपबशी, मागे गयाबाई स्वतः.

“मारुतीमागचे, पंक्चर मोठं दिसायलंय,” अप्पा म्हणाले. “मनून चहाच हिकडं आणला.”

“साखर कमी हाय का बगा, साहेब,” गयाबाई म्हणाल्या. “नसंल तर सांगा, आणते. मला कायबी काम न्हाई.” आणि त्या समोर बसल्या. वकीलसाहेबांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारत, शेवटच्या थेंबापर्यंत. पुढच्या वर्षी त्यांची सायकल पंक्चर झाली नाही. ट्रकातलं भांडण मात्र तितक्याच मोठ्या आवाजात झालं.

मी पुढच्या वर्षी गेलो, त्याच्या पुढच्याही वर्षी गेलो. एकूण नऊ वेळा. दर वेळी मी शेवटी, अप्पा माझ्या मागे, आणि तोच नियम. तिसऱ्या वर्षी मी कशावर न आदळता पारापर्यंत आलो. पाचव्या वर्षी पायडल मारायला लागलो; तोवर उतार संपला की चाकाला कान लावत चालायचो. पण गुपिताची धास्ती गेली नाही. अप्पा दुकानात आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. आज बोलतात की उद्या? त्यांना गप्प ठेवायला मी काय काय केलं! चाळीसही सायकलींना दोन्ही ब्रेक घातले. छर्रे बदलले. त्यांच्या सायकलीची तेलपाण्याची सेवा फुकट केली, जी मी सख्ख्या मेव्हण्याचीही केली नाही. ‘लिंबाखालचे’ म्हणाले तरी हूं म्हणून ओ दिली. मला वाटे, हा म्हातारा एक शब्द न बोलता माझ्याकडून सगळं वसूल करतोय. इतका एकतर्फी सौदा मी कुणाशी केला नव्हता, आणि तो मोडायची सोय नव्हती.

नवव्या सहलीनंतरच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. दुपारी जेवून ओट्यावर टेकले ते तसेच. लिंगायतांत माणसाला बसवून मूठमाती देतात. अप्पांनाही बसवून नेलं: पाठ ताठ, मान सरळ, हात पुढे मांडीवर. बघताना मला वाटलं, हॅण्डल तेवढं नाही. कुणीतरी चिमटा काढायला विसरलं होतं. मी तो काढू दिला नाही.

परतताना मी आणि वकीलसाहेब अप्पांच्या ओट्यावर बसलो. मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी म्हणालो, “माणूस मोठा होता, पण वकीलसाहेब, नऊ वर्षं माझी मान धरून ठेवली होती त्यांनी. आज सांगतो तुम्हाला. तुम्हाला म्हणून सांगतो. मला सायकल येत नव्हती.”

वकीलसाहेब उठले. घरी गेले, मारुतीमागे, आणि एक जुनं पोस्टकार्ड घेऊन आले. अप्पांचं अक्षर. पहिल्या वर्षीचं.

‘स.न.वि.वि. रविवारी ट्रक सहाला निघेल. लिंबाखालचे सोबत येत आहेत. त्यांना सायकल येत नाही, पण शब्द देऊन बसले आहेत. उतारावर कोणीही मागे बघू नये. कळावे.’

“अकरा जणांना गेलं होतं,” वकीलसाहेब म्हणाले. “मान वळली की हॅण्डल वळतं, वगैरे नंतरचं.”

मी कार्ड दोनदा वाचलं. मग उलटवून पत्ता बघितला. मग माझं डोकं फिरलं. “पोस्टकार्डावर!” मी ओरडलो, त्या घरात तो दिवस असूनही ओरडलो. “अहो, पाकीट तरी वापरायचं! हे शिक्का मारणाऱ्याने वाचलं असणार, वाटणाऱ्याने वाचलं असणार, अकरा घरांतल्या बायकांनी वाचलं असणार! म्हणे कुणाचं पाकीट फोडत नाही!”

“सगळ्यांनी वाचलं,” वकीलसाहेब म्हणाले. “स्टेशनसमोरच्या तुमच्या त्या स्पर्धकानेही वाचलं. त्याचा भाऊ होता ना आमच्यात.”

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाकरी थापत म्हणाली, “मला तर वकिलीणबाईंनी ते कार्ड तेव्हाच दाखवलं होतं.”

म्हणजे नऊ वर्षं सगळ्या परभणीला ठाऊक होतं, आणि मी एकटाच ते लपवत होतो. मी सायकल हातात धरून बाजारातून जायचो तेव्हा दुकानदुकानातून लोक बघत होते, आणि एकाने, एकानेही, तोंड उघडलं नाही. माझ्यासारख्या भांडकुदळ माणसासाठी. अप्पांनी एवढी माणसं कोणत्या भावाने गप्प केली होती, ते मला आजवर समजलेलं नाही. घासाघीस केली नसणार. ‘ठीक हाय’ म्हणाले असणार.

तक्रार माझी अजून आहेच. बाभळीचा सौदा त्यांनी मोडला, तो मोडलाच.

त्या दिवाळीनंतर सहल कोण नेणार, असा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आधी नाही म्हणालो, मग अटी घातल्या, मग हो म्हणालो. दोन दिवसांनी दुकानात एक इंजिनिअर साहेब आले, नवे बदलून आलेले. सहलीला यायचं म्हणाले. “कॉलेजात रोज वीस मैल मारायचो सायकल!” असं त्यांनी मला सांगितलं, आणि दुकानातल्या बाकीच्यांनाही ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. सायकल त्यांनी सोबत आणली होती, हातात धरून. चेनकव्हर नव्हतं. मी त्यांच्या पँटीच्या उजव्या पायाकडे बघितलं. कडक इस्त्री, आणि डाग एकही नाही.

मी म्हणालो, “ठीक आहे, साहेब. तुम्ही शेवटी राहा. माझ्यापुढे.”

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि पोस्टात गेलो. खिडकीतल्या माणसाने सवयीने पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याला हात घातला. मी म्हणालो, “कार्डं नको. पाकिटं द्या.” तिथेच उभं राहून अकरा चिठ्ठ्या लिहिल्या, अकरा पाकिटं डिंकाने पक्की चिकटवली, बोटाने दाबून बघितली. पाठवणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहायला घेतलं होतं. मग तसं नाही लिहिलं. ‘लिंबाखालून’ लिहिलं.

सगळी पोचली.